लिनक्सवर भरलेली टेप विंडोजवर का उघडत नाही?

अमेरिकेतील युटा विद्यापीठात २०२५ मध्ये एका साठवणीच्या खोलीची आवराआवर चालू असताना चुंबकीय टेपचे एक जुने रीळ हाती लागले. त्यावरच्या हस्तलिखित चिठ्ठीनुसार त्या रिळावर बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेकडून आलेली, युनिक्स या संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती होती, म्हणजे १९७३ सालची. युनिक्सचा गाभा सी या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्याने लिहिला गेला तो याच आवृत्तीत, आणि तिची पूर्ण प्रत कोठेच उरलेली नाही असे तोवर मानले जात होते. डिसेंबरमध्ये ते रीळ कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये पोहोचले आणि तेथील जाणकारांनी त्यावरचा मजकूर उतरवून घेतला. त्यासाठी त्यांनी रीळ नुसते ड्राइव्हला, म्हणजे टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्राला, लावून फाइली ‘कॉपी’ केल्या नाहीत. वाचकशीर्षातून येणारे मूळ विद्युत तरंगच संगणकात टिपून घेतले आणि त्यांतून शून्य कोणते व एक कोणता हे ओळखण्याचे काम सॉफ्टवेअरवर सोपवले.

पन्नास वर्षांपूर्वीच्या रिळासाठी एवढा खटाटोप करावा लागला, यात कोणाला नवल वाटणार नाही. नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. मागच्या आठवड्यात लिनक्सच्या संगणकावर भरलेली नवी करकरीत टेप शेजारच्या टेबलावरील विंडोजच्या संगणकाला जोडली, तर तिथेही पुष्कळदा काहीच दिसत नाही. टेप तीच, ड्राइव्ह तोच, केबल तीच, आणि तरीही पडद्यावर ‘टेप कोरी आहे’ किंवा ‘ओळखता येत नाही’ असा संदेश येतो. पेन ड्राइव्ह कोणत्याही संगणकात खुपसला की फाइली दिसतात, या सवयीत वाढलेल्या माणसाला हा प्रकार सदोष यंत्राचा वाटतो. प्रत्यक्षात यंत्र निर्दोष असते. टेपवर फक्त मजकूर उतरलेला असतो. तो कसा वाचायचा याविषयीचे करार टेपच्या बाहेर असतात, आणि हे करार प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमने आपापल्या परंपरेने केलेले आहेत. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारे मूळ सॉफ्टवेअर: विंडोज, लिनक्स, मॅकओएस, किंवा बँकांच्या मोठ्या संगणकांवरील झेडओएस.

टेपवर नेमके काय असते

ज्यांनी गाण्यांच्या कॅसेटी वापरल्या आहेत, त्यांना अर्धा विषय आधीच ठाऊक आहे. कॅसेटमध्ये गाण्यांची यादी नसते. यादी असते ती डबीतल्या कागदावर. पाचवे गाणे ऐकायचे तर फीत पुढे पळवावी लागते, आणि दोन गाण्यांमधली शांतता मोजत मोजत आपण अंदाजाने थांबतो. संगणकाची टेप याच जातीची आहे. हार्ड डिस्कवर फाइलींची नावे, त्यांच्या जागा आणि मोकळ्या जागेचा हिशेब ठेवणारी एक व्यवस्था असते, तशी व्यवस्था टेपवर मुळात नसते. टेपवर दोनच गोष्टी असतात. पहिली ब्लॉक, म्हणजे एका दमात लिहिलेला आणि एका दमातच वाचावा लागणारा मजकुराचा गठ्ठा. दुसरी फाइलमार्क, म्हणजे दोन गाण्यांमधल्या शांततेसारखी ‘येथे एक प्रकरण संपले’ एवढेच सांगणारी खूण. त्या प्रकरणाचे नाव काय, ते कोणी लिहिले, त्यात चित्र आहे की हिशेब, हे फाइलमार्कला ठाऊक नसते.

ब्लॉकचे माप एवढे महत्त्वाचे का ठरले, याचे उत्तर जुन्या रिळांच्या गणितात आहे. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टीम/३६० बरोबर आणलेल्या नऊ-ट्रॅक टेपवर पुढे एका इंचात १६०० बाइट मावू लागले. बाइट म्हणजे ढोबळमानाने एक इंग्रजी अक्षर. छिद्रपत्रिकेवरील (भोके पाडून माहिती नोंदवलेल्या कार्डावरील) ८० अक्षरांची एक नोंद त्यावर लिहिली, तर ती इंचाच्या विसाव्या भागात बसत असे. पण ड्राइव्हला थांबायला आणि पुन्हा वेग घ्यायला जागा हवी म्हणून प्रत्येक ब्लॉकनंतर ०.६ इंच फीत कोरी सोडावी लागे. मजकुराच्या बारा पट जागा मोकळी! साहजिकच लोक शंभर-शंभर नोंदी एकत्र बांधून मोठे ब्लॉक लिहू लागले, आणि ब्लॉक किती मोठा असावा हे ज्याने त्याने आपल्या संगणकाच्या कुवतीप्रमाणे ठरवले. आजच्या ड्राइव्हमध्ये ती कोरी जागा तशी उरलेली नाही, कारण ड्राइव्ह आपल्या पद्धतीने मजकूर दाटीवाटीने मांडतो. मात्र ब्लॉकच्या सीमा तो इमानाने लक्षात ठेवतो आणि वाचताना जशाच्या तशा परत देतो. जुनी सवय अशी नव्या यंत्रात टिकून आहे.

ड्राइव्हचा यात काही दोष नाही

एक गैरसमज येथेच दूर करावा. ‘हा ड्राइव्ह विंडोजचा, तो लिनक्सचा’ असे काही नसते. टेप ड्राइव्ह स्काझी नावाच्या आज्ञासंचावर चालतात, आणि तो संच सर्वांसाठी एकच आहे: गुंडाळ, इतके ब्लॉक पुढे जा, इतके फाइलमार्क मागे ये, लिही, वाच, फाइलमार्क टाक. आज्ञा कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमकडून आली हे ड्राइव्ह विचारत नाही. ड्राइव्ह स्वतः मजकूर दाबून कमी जागेत बसवतो ती क्रियाही त्याच्या आतच घडते, त्यामुळे एलटीओ जातीच्या एका ड्राइव्हने दाबलेला मजकूर त्याच जातीचा दुसरा अनुरूप ड्राइव्ह विनातक्रार उलगडतो. एलटीओ ही सध्याची सर्वांत प्रचलित टेप. एचपी, आयबीएम आणि सीगेट यांनी मिळून तिचे मानक ठरवले आणि तिची पहिली पिढी २००० मध्ये बाजारात आली.

मतभेद सुरू होतात ते ड्राइव्हच्या वरच्या थरापासून.

एसटी आणि मुक्कामी एसटी

महाराष्ट्रात एसटी म्हटले की लाल गाडी आठवते. लिनक्समध्ये पहिल्या टेप ड्राइव्हचे नाव ‘एसटी०’ असे आहे, आणि त्यातील दोन अक्षरे ‘स्काझी टेप’ या शब्दांची आहेत. योगायोगाने आपल्या एसटीची उपमा येथे चपखल बसते. ‘एसटी०’ या नावाने ड्राइव्ह उघडला, तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीपर्यंत गुंडाळली जाते. फेरी झाली की गाडी आगारात. त्याच ड्राइव्हचे दुसरे नाव ‘एनएसटी०’ असे आहे. या नावाने उघडल्यास टेप जेथे काम संपले तेथेच उभी राहते, जशी मुक्कामाची गाडी शेवटच्या गावातच रात्र काढते आणि पहाटे तेथूनच पुढे निघते. यंत्र एक, नावे दोन, आणि नावावरून वागणूक ठरते.

हा फरक न कळल्यामुळे होणारे नुकसान फार क्रूर असते. समजा, एखाद्या कर्मचाऱ्याने सोमवारी ‘एसटी०’ वापरून हिशेबाची प्रत टेपवर घेतली आणि मंगळवारी तीच आज्ञा देऊन पत्रव्यवहाराची प्रत घेतली. त्याच्या समजुतीप्रमाणे टेपवर आता दोन्ही प्रती आहेत. प्रत्यक्षात सोमवारचे काम झाल्यावर टेप गुंडाळली गेली होती, म्हणून मंगळवारची प्रत सोमवारच्या प्रतीवरच लिहिली गेली. मंगळवारची प्रत लहान असली आणि सोमवारचा बराचसा मजकूर फितीवर शाबूत असला, तरी उपयोग नाही. कारण नव्या लेखनाच्या शेवटी ड्राइव्ह ‘मजकूर समाप्त’ अशी खूण करतो, आणि आजचे ड्राइव्ह त्या खुणेपलीकडे वाचायला नकार देतात.

इतर ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हेच दोन प्रकार आहेत, फक्त नावे निराळी. फ्रीबीएसडीमध्ये ‘एसए०’ गुंडाळतो, ‘एनएसए०’ गुंडाळत नाही, आणि ‘ईएसए०’ तर काम झाल्यावर टेप बाहेर काढून हातात देतो. सोलारिसमध्ये ड्राइव्हच्या क्रमांकापुढे ‘एन’ हे अक्षर जोडले की गुंडाळणे बंद होते. आयबीएमच्या एआयएक्समध्ये ‘आरएमटी०’ गुंडाळतो आणि ‘आरएमटी०.१’ गुंडाळत नाही. येथे एका टिंबाने आणि एका आकड्याने संपूर्ण प्रतीचे भवितव्य ठरते, हे मला आजही अंमळ भीतिदायक वाटते. सोलारिसमध्ये आणखी एक बारकावा आहे. न गुंडाळणारे नाव वापरून एखादे प्रकरण अर्धवट वाचले आणि काम बंद केले, तर टेप कोठे उभी राहावी? युनिक्सच्या सिस्टीम-फाइव्ह घराण्याच्या मते तिने आपणहून पुढील प्रकरणाच्या तोंडाशी जावे. बीएसडी घराण्याच्या मते तिने होती तेथेच थांबावे. सोलारिस सिस्टीम-फाइव्हची रीत पाळतो आणि नावात ‘बी’ घातल्यास बीएसडीची. लिनक्सची मूळ वागणूक बीएसडीसारखी आहे. त्यामुळे एका सिस्टीमवर वर्षानुवर्षे बिनचूक चाललेली आज्ञांची मालिका दुसरीवर नेली की एक प्रकरण सोडून पुढचे वाचू लागते, आणि चूक कोठे झाली हे शोधण्यात दिवस जातो.

विंडोजची धाटणी वेगळी आहे. तेथे ड्राइव्हला ‘टेप०’ असे एकच नाव असते आणि टेप गुंडाळायची की नाही हे प्रोग्रॅमने स्पष्टपणे सांगावे लागते. पूर्वी विंडोजबरोबर एनटीबॅकअप नावाचा प्रोग्रॅम येत असे आणि तो टेपवर थेट प्रती घेई. विंडोज सर्व्हर २००८ पासून त्याच्या जागी जो नवा प्रोग्रॅम आला, तो टेपवर लिहितच नाही. म्हणजे विंडोजला ड्राइव्ह आजही ओळखता येतो, पण त्याच्याशी काय बोलायचे हे घरातल्या कोणालाच ठाऊक नाही. त्यासाठी बाहेरचे सॉफ्टवेअर आणावे लागते. लिनक्सची सवय असलेल्यांना सिग्विन हा मोफत संच उपयोगी पडतो, कारण तो विंडोजच्या ‘टेप०’ला ‘एसटी०’ आणि ‘एनएसटी०’ ही ओळखीची नावे देतो. एक गंमतही सांगण्याजोगी आहे. अलीकडच्या विंडोजमध्ये अनेक फाइली एकत्र बांधणारा टार हा प्रोग्रॅम आलेला आहे, आणि फाइलचे नाव न देता तो चालवला तर ‘टेप० उघडता आली नाही’ अशी तक्रार तो करतो. ज्यांनी आयुष्यात टेप पाहिलेली नाही, ते या संदेशाने चक्रावतात.

मॅकओएसमध्ये तर टेप ड्राइव्हसाठी अंगभूत सोयच नाही. ड्राइव्ह किंवा टेपचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या ती पुरवतात. चित्रपट आणि जाहिरातींच्या क्षेत्रात, मुंबईतही, छायाचित्रणाचा मूळ मजकूर एलटीओ टेपवर ठेवण्याची पद्धत आहे, आणि त्या क्षेत्रात मॅक पुष्कळ असल्याने ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

मापट्यात न मावणारे दूध

ब्लॉक एका दमातच वाचावा लागतो, असे वर म्हटले. दूध घालणारा दारात उभा आहे आणि त्याच्याजवळ दोन लिटरचेच माप आहे, असे समजा. आपण एक लिटरचे पातेले पुढे केले, तर तो अर्धे दूध ओतून थांबणार नाही. ‘मोठे भांडे आणा’ म्हणेल. टेपचे असेच आहे. टेपवरील ब्लॉक २,५६,००० बाइटचे असतील आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमने १०,२४० बाइटचे भांडे पुढे केले असेल, तर वाचन होत नाही.

मौज अशी की, या प्रसंगी लिनक्स जो संदेश देतो तो ‘मेमरी उपलब्ध करता येत नाही’ अशा अर्थाचा असतो. नवखा माणूस संगणकाची मेमरी वाढवायला धावतो. मेमरीचा येथे काडीचाही संबंध नसतो. भांडे लहान पडले एवढाच त्याचा अर्थ. टार या प्रोग्रॅमचे नेहमीचे भांडे ५१२ बाइटच्या २० तुकड्यांचे, म्हणजे १०,२४० बाइटचे असते, आणि ते मोठे करण्याची सोय त्याच्या आज्ञेतच आहे. भांडे गरजेपेक्षा मोठे असले तर मात्र काही बिघडत नाही. त्यामुळे अनोळखी टेप वाचताना शहाणी माणसे आधी भले मोठे भांडे घेऊन एकच ब्लॉक वाचतात, तो किती बाइटचा निघाला ते पाहतात, आणि मग पुढचे ठरवतात.

दुसरी अडचण याच्या उलट असते. काही ड्राइव्ह आधीच्या कोणाच्या तरी सोयीसाठी ‘ठरीव माप’ या अवस्थेत ठेवलेले असतात, म्हणजे प्रत्येक ब्लॉक अमुक बाइटचाच असणार असे गृहीत धरून ते चालतात. लिनक्समध्ये एमटी नावाच्या प्रोग्रॅमने ब्लॉकचे माप शून्य असे सांगितले की ड्राइव्ह ‘बदलते माप’ या अवस्थेत येतो आणि जसा ब्लॉक असेल तसा देतो. काही जुन्या विंडोज संगणकांमध्ये तर ड्राइव्ह जोडण्याचे कार्डच एका वेळी ६४ किलोबाइटपेक्षा मोठा ब्लॉक आत घेत नसे. अशा ठिकाणी प्रोग्रॅम कितीही हुशार असला तरी दारच अरुंद असते.

मोडी, बाळबोध आणि पंचवीस

ब्लॉक हाती आला म्हणजे मजकूर कळला असे नाही. पणजोबांच्या पेटीत सापडलेले मोडीतील खत मराठीतच असते, तरी मोडी न येणाऱ्या नातवाला ते गिचमीड वाटते. आयबीएमच्या मेनफ्रेम या मोठ्या संगणकांवर भरलेल्या टेपचे असेच आहे. जवळजवळ सर्व संगणक इंग्रजी अक्षरांना आस्की नावाच्या क्रमांकसारणीने ओळखतात. तिच्यात मोठ्या लिपीतील ‘ए’ या अक्षराचा क्रमांक ६५ आहे. आयबीएमची एब्सिडिक ही सारणी वेगळी असून तिच्यात त्याच अक्षराचा क्रमांक १९३ आहे. डीडी नावाचा युनिक्सचा जुना प्रोग्रॅम एका सारणीतून दुसरीत लिप्यंतर करून देतो. पण येथेही घाई नडते. मेनफ्रेमवरील नोंदीत अक्षरांच्या जोडीला रकमाही असतात आणि त्या पुष्कळदा एका बाइटमध्ये दोन अंक अशा दाटीने बांधलेल्या असतात. संपूर्ण नोंद आंधळेपणाने लिप्यंतरित केली, तर खातेदाराचे नाव नीट वाचता येते आणि शिल्लक रकमेचा चुराडा होतो. कोणत्या रकान्यात अक्षरे आणि कोणत्यात बांधीव अंक, याचा तक्ता सोबत नसेल तर काम फार जिकिरीचे होते.

मेनफ्रेमच्या टेपला आणखी एक शिस्त असते, ती ओळखपत्रांची. टेपच्या प्रारंभी ८० अक्षरांच्या नोंदी असतात: पहिली टेपचा क्रमांक सांगते, पुढच्या दोन मजकुराचे नाव, तारीख आणि ब्लॉकचे माप सांगतात. त्यानंतर फाइलमार्क, मग खरा मजकूर, पुन्हा फाइलमार्क, मग समाप्तीची ओळखपत्रे. झेडओएस ही ओळखपत्रे स्वतः तपासतो आणि वापरणाऱ्याच्या नजरेस पडू देत नाही. लिनक्सला ती केवळ आणखी एक प्रकरण वाटतात. परिणामी लिनक्सवर अशी टेप वाचणाऱ्याला पहिल्या प्रकरणात जेमतेम २४० बाइट मिळतात आणि ‘टेपवर काहीच नाही’ असा निष्कर्ष काढून तो ती परत पाठवतो. एक फाइलमार्क ओलांडला असता, तर सगळा मजकूर समोर होता!

तिसरा गोंधळ आकड्यांच्या क्रमाचा आहे, आणि तो मराठी माणसाला समजावून सांगणे सर्वांत सोपे आहे. आपण २५ लिहितो तेव्हा दशकाचा अंक आधी येतो, पण उच्चार ‘पंचवीस’ असा करतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. मोठी संख्या एकाहून अधिक बाइटमध्ये ठेवताना काही संगणक लिहिण्याच्या रीतीने मोठा भाग आधी ठेवतात, तर काही बोलण्याच्या रीतीने लहान भाग आधी ठेवतात. आयबीएमचे मेनफ्रेम आणि सन कंपनीचे जुने संगणक पहिल्या पंथाचे, इंटेलचे प्रोसेसर दुसऱ्या पंथाचे. एकाने लिहिलेली संख्या दुसऱ्याने आपल्या रीतीने वाचली, तर पंचवीसचे बावन्न होतात. शेजारशेजारच्या बाइटची अदलाबदल करून देण्याची सोय डीडीमध्ये आहे, ती याचसाठी.

टार: सर्वांना येणारी बोली

एवढ्या भिन्न परंपरांत एखादी समाईक बोली हवी होती, आणि ती बऱ्याच अंशी टारने दिली. टार १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीत आला. त्याचे नाव ‘टेप संग्रह’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून पडले. तो प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटची एक चिठ्ठी लावतो. चिठ्ठीत फाइलचे नाव, आकार, तारीख, मालक आणि परवानग्या असतात, आणि यातील आकडे साध्या अक्षरांत लिहिलेले असल्याने पंचवीस-बावन्नचा प्रश्नच उद्भवत नाही. टारने भरलेली टेप जवळजवळ कोठेही वाचता येते. अनेक दशके टिकलेल्या संगणकीय रचना मोजक्याच आहेत, आणि टार त्यांतील बहुधा सर्वांत अनलंकृत रचना असावी.

तरीही मराठी वापरणाऱ्याने दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. जुन्या टार चिठ्ठीत फाइलच्या नावासाठी १०० बाइट राखलेले आहेत. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ रूपात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रा आणि हलन्त यांनाही, तीन-तीन बाइट लागतात. म्हणजे नावात अवघी ३३ चिन्हे मावतात, आणि ‘सातबारा उतारे’ एवढ्या शब्दांतच त्यांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक खर्ची पडतात. दुसरी गोष्ट ‘ऱ’ची. ‘कऱ्हाड’, ‘दुसऱ्या’ यांतील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि ‘र’खाली नुक्ता देऊनही. मॅकची जुनी फाइलव्यवस्था नावे ठेवताना त्याची दोन चिन्हांत फोड करत असे. डोळ्यांना दोन्ही नावे सारखी, पण लिनक्सच्या लेखी ती दोन निरनिराळी नावे. त्यामुळे मॅकवरून टेपवर गेलेली फाइल लिनक्सवर नावाने मागितली की ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर येऊ शकते. टारच्या नंतरच्या पॅक्स या रूपात लांब नावांची आणि युनिकोडची रीतसर तजवीज आहे, म्हणून नवीन टेप भरताना तेच निवडावे.

‘पण आता एलटीएफएस आहे ना?’

हा आक्षेप रास्त आहे. आयबीएमने २०१० मध्ये, एलटीओच्या पाचव्या पिढीबरोबर, एलटीएफएस नावाची रचना आणली आणि २०१६ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानकही झाली. तिच्यात टेपचे दोन भाग केले जातात. लहान भागात फाइलींची अनुक्रमणिका असते, मोठ्यात मजकूर. योग्य सॉफ्टवेअर बसवले की लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर टेप डिस्कसारखी दिसते. कॅसेटच्या डबीतील कागद अखेर फितीवरच छापला गेला, असे म्हणता येईल.

डिस्कसारखी दिसली तरी ती डिस्क नव्हे. एलटीओ-९ टेपची फीत सुमारे एक किलोमीटर लांब असते आणि तिच्यावर १८ टेराबाइट मजकूर मावतो. ८,९६० समांतर पट्ट्या एका वेळी ३२ याप्रमाणे लिहिल्या जातात, म्हणजे टेप पूर्ण भरायला फितीला या टोकापासून त्या टोकापर्यंत २८० वेळा जावे लागते; पूर्ण वेगानेही या कामाला साडेबारा तास लागतात. अशा टेपवरील फोल्डर विंडोजमध्ये उघडून छायाचित्रांच्या छोट्या प्रतिमा पाहू लागलात, तर विंडोज प्रत्येक फाइलचा थोडा थोडा भाग मागू लागते आणि फीत बिचारी मागे-पुढे धावत राहते. फाइल खोडली तर ती अनुक्रमणिकेतून जाते, पण तिची जागा परत मिळत नाही. त्यासाठी सगळी टेप नव्याने तयार करावी लागते. युनिक्समधील मालक आणि परवानग्यांचा तपशील या रचनेच्या मूळ मानकात जपला जात नाही. फाइलच्या नावात विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम चिन्ह लिनक्सला चालते, विंडोजला चालत नाही. छायाचित्रणाच्या मोठ्या फाइली देण्याघेण्यासाठी एलटीएफएस उत्तम आहे. संपूर्ण सर्व्हरची प्रत घेण्यासाठी मात्र मी टार किंवा प्रती घेणारा चांगला प्रोग्रॅमच पसंत करेन.

‘मग सरळ हार्ड डिस्कच का वापरू नये?’

कपाटात ठेवलेल्या टेपला वीज लागत नाही, आणि ड्राइव्हमध्ये नसलेल्या टेपवरील मजकूर कोणत्याही खंडणीखोर व्हायरसला कुलूपबंद करता येत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर दोषामुळे जीमेलच्या काही वापरकर्त्यांचे ईमेल सर्व डिस्क-प्रतींमधून नाहीसे झाले, तेव्हा गूगलने ते टेपवरूनच परत आणले. जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळा आपल्या प्रयोगांचा शेकडो पेटाबाइट, म्हणजे लाखो टेराबाइट, मजकूर टेपवर ठेवते. ज्याच्याजवळ दोन-चार टेराबाइटच आहे, त्याने महागडा ड्राइव्ह घेण्याचे अर्थातच कारण नाही.

टेप आहे, ड्राइव्ह कोठे आहे?

ऑपरेटिंग सिस्टीमचे सगळे करार जुळले तरी योग्य पिढीचा ड्राइव्ह हवाच. एलटीओचे ड्राइव्ह सातव्या पिढीपर्यंत मागील दोन पिढ्यांच्या टेप वाचत असत. आठव्या आणि नवव्या पिढीचे ड्राइव्ह मागील एकच पिढी वाचतात, आणि २०२५ मध्ये आलेला एलटीओ-१० ड्राइव्ह स्वतःच्या पिढीखेरीज कोणतीच टेप वाचत नाही. टेप तीस वर्षे टिकते, या जाहिरातीतील वाक्य खरे मानले तरी तीस वर्षांनी तिला वाचणारे यंत्र मिळवण्याची जबाबदारी ठेवणाऱ्यावरच असते. नासाच्या ल्युनार ऑर्बिटर यानांनी १९६६-६७ मध्ये काढलेली चंद्राची छायाचित्रे ज्या टेपवर होती, त्या टेप जपल्या गेल्या होत्या. पण २००८ मध्ये त्या वाचण्याचे काम हाती घेता आले ते, त्याच काळातील अँपेक्स कंपनीचे अवजड ड्राइव्ह एका निवृत्त महिलेने वर्षानुवर्षे स्वतःच्या जागेत सांभाळले होते म्हणून. दुरुस्तीचे आणि वाचनाचे ते काम नासाच्या एम्स केंद्राच्या आवारातील बंद पडलेल्या मॅकडोनल्ड्समध्ये चालले.

अनोळखी टेप हाती आली तर

सर्वप्रथम तिच्यावरील लेखनबंदीची कळ सरकवावी. या एका हालचालीने पुढच्या बहुतेक चुका निरुपद्रवी होतात. मग न गुंडाळणारे नाव आणि मोठे भांडे घेऊन प्रत्येक प्रकरण जसेच्या तसे डिस्कवर उतरवावे, प्रत्येकाच्या ब्लॉकचे माप टिपून ठेवावे, आणि अर्थ लावण्याचे काम त्या उतरवलेल्या प्रतीवर करावे, टेपवर नव्हे. मजकूर कूटबद्ध असेल, म्हणजे किल्लीशिवाय न उलगडणारा असेल, तर किल्ली शोधल्याखेरीज पुढे जाता येत नाही. एलटीओच्या चौथ्या पिढीपासून ड्राइव्हच हे काम करू शकतो आणि किल्ली सहसा टेपवर नव्हे, ती भरणाऱ्या कार्यालयातील सर्व्हरवर असते.

टेप भरणाऱ्यानेच पुढच्या वाचकाचा विचार केल्याचे एक उदाहरण मला विशेष आवडते. अमांडा हा प्रती घेणारा मुक्त प्रोग्रॅम प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी ३२ किलोबाइटची एक साधी, वाचता येण्याजोगी चिठ्ठी ठेवतो. त्या चिठ्ठीत मजकूर कोणत्या संगणकाचा आणि कोणत्या तारखेचा हे तर असतेच, शिवाय तो परत मिळवण्यासाठी कोणती आज्ञा द्यायची हेही शब्दशः लिहिलेले असते. अमांडा नसलेल्या संगणकावरही ती टेप वाचता येते. बहुतेक महागडे प्रोग्रॅम एवढे सौजन्य दाखवत नाहीत. त्यांची रचना त्यांनाच ठाऊक, आणि टेपवर काय आहे याची यादी त्यांच्या स्वतःच्या कोठारात.

युटा विद्यापीठातील रिळावर जी चिठ्ठी होती तिच्यातही युनिक्सच्या नावाखाली कंसात एक सूचना होती: टेपच्या रचनेसाठी माहितीपुस्तिका पाहावी. टेप पन्नास वर्षे बेपत्ता होती. नोव्हेंबर १९७३ ची ती माहितीपुस्तिका मात्र अभ्यासकांकडे सुखरूप होती.